सीएसएफ सॅम्पलचा वेळ कुठे जातो : आमच्या लॅबच्या नोंदी, जून ते ऑगस्ट 2025

4 जून
आजपासून लिहून ठेवतेय, सीएसएफबद्दल, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी, जे पाठीत सुई घालून काढतात. पूर्व विदर्भातल्या एका दीडशे खाटांच्या हॉस्पिटलात मी लॅब टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. हे सगळं सुरू झालं सोमवारी. चार वर्षांचं लेकरू, ताप, झटके, मान ताठ, गावाकडे दोन दिवस इंजेक्शनं घेऊन झालेली. पाठीतलं पाणी काढलं, लॅबला आलं, मी स्वतः मोजलं. पेशी 34, बहुतेक लिम्फोसाइट (व्हायरल किंवा टीबीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी). प्रोटीन 140, साखर 21. ग्रॅममध्ये (जंतू दिसावेत म्हणून रंगवलेल्या स्लाइडवर) काही दिसलं नाही. रिपोर्ट सोडला आणि दहा मिनिटांत बालरोगच्या सरांचा फोन, "ताई, रक्तातली शुगर 112 आहे, पाण्यातली 21, आणि पेशी फक्त 34? त्याही लिम्फो? मला नाही पटत." स्लाइड परत लावली. आता शोधायच्या नजरेने बघितली तर प्रत्येक फील्डमध्ये पुसट जांभळे डाग, कडा नसलेले, फुटलेल्या न्यूट्रोफिलचे (बॅक्टेरियाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी). पहिल्यांदा मी ते घाण समजून सोडून दिलेले. वॉर्डला फोन केला, एलपी (पाठीत सुई घालून पाणी काढणं) 10:20 ला झालेली. आमचा रिसिव्हचा शिक्का 1:35 चा. सव्वातीन तास, तेही जूनच्या उन्हात.

सरांनी अँटिबायोटिक थांबवलं नाही हे फार बरं केलं. मंगळवारी परत एलपी करावी लागली, ते सॅम्पल मी वॉर्डच्या दारात उभी राहून घेतलं, बारा मिनिटांत चेंबरवर (पेशी मोजायची रेघांची काच). 290 पेशी, बहुतेक न्यूट्रोफिल. म्हणजे एका औषधाच्या दिवसानंतरसुद्धा 290, मग सोमवारी खरं किती असेल ते आता कधीच कळणार नाही. लेकराला मात्र दोनदा सुई सोसावी लागली. आज त्याने दूध घेतलं असं सिस्टर म्हणाल्या.

यातली खरी अडचण अशी की उशिराने पेशी कमी होतात आणि साखरही कमी होते. पेशी कमी म्हटल्यावर डॉक्टरला वाटतं व्हायरल असेल, साखर कमी म्हटल्यावर वाटतं बॅक्टेरियल किंवा टीबी. दोन्ही आकडे एकाच बल्बमधून (सॅम्पलच्या नळीतून) आलेले आणि दोघं दोन दिशांना ओढतात.

5 जून
मे महिन्याचं रजिस्टर काढलं. 14 सीएसएफ. पाणी काढल्याची वेळ फॉर्मवर लिहिलीय फक्त 3 ठिकाणी. बाकी सगळीकडे कॉम्प्युटरने छापलेली रिसिव्हची वेळ. म्हणजे मागचं काहीच तपासता येत नाही, 11 रिपोर्ट किती शिळ्या पाण्यावरचे होते ते सांगता येणार नाही. अख्खी दुपार यात गेली आणि हाती एवढंच आलं. पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या हे तू घे अंगावर, मी वॉर्डशी बोलते.

उद्यापासून फॉर्मवर लाल पेनने रकाना : सुई लागली तेव्हाची वेळ. रिकामा असेल तर सॅम्पल परत पाठवायचं नाही (सीएसएफ कधीच परत पाठवायचं नाही, ते रक्त नाही की परत काढलं), फोन करून विचारायचं आणि आपण भरायचं.

9 जून
आज सुट्टी टाकून मेडिसिन वॉर्डला जाऊन बसले, नुसतं बघायला. 11:05 ला एलपी. डॉक्टरांनी बल्ब सिस्टरना दिला, सिस्टरनी फॉर्म भरून पेशंटच्या मुलाच्या हातात दिला, "हे लॅबला द्या, आधी बिल करून घ्या." मी त्याच्या मागे मागे गेले. बिलिंगच्या खिडकीवर रांग, पुढे डिस्चार्जवाले दोघं, त्यांचं मेडिक्लेमचं काहीतरी अडलेलं. तो बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा बल्ब मुठीत घट्ट धरून उभा, सांडू नये म्हणून अंगठा झाकणावर दाबलेला, आणि मूठ घामाने ओली. मध्ये एकदा त्याने बल्ब शर्टच्या खिशात ठेवला, पैसे मोजायला. 38 मिनिटं. त्याची काय चूक, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आत काय आहे आणि ते मरतंय. मी मध्ये पडून सॅम्पल घेऊन पळाले, पावती नंतर.

संध्याकाळी मॅडम आणि मी ॲडमिनकडे. सीएसएफला बिल नंतर, हे मागायला गेलो होतो. आधी नाही म्हणाले, सगळेच मग असं मागतील. मग मॅडमनी दोन तारखेचे आणि तीन तारखेचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. मिळालं. आणि नातेवाइकाच्या हातात द्यायचं नाही, वॉर्डच्या मामांनीच आणायचं हेही लेखी झालं.

12 जून
फ्रीज. कॅज्युअल्टीत रात्री एलपी झाली, तिथल्या सिस्टरनी बल्ब फ्रीजमध्ये ठेवला आणि सकाळी रक्ताच्या सॅम्पलबरोबर पाठवला. त्यांनी काळजीनेच ठेवलं, थंडीत टिकतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण मेनिंगोकोकस, न्यूमोकोकस, हिमोफिलस यांना थंडी सोसत नाही, कल्चरला (जंतू वाढवून बघायला) जाणारं पाणी फ्रीजमध्ये ठेवलं की तिथेच संपलं, नंतर प्लेटवर काही न उगवणं याला काही अर्थ राहत नाही. लगेच लावता येत नसेल तर बाहेर ठेवायचं नाहीतर 35-37 च्या इन्क्युबेटरमध्ये.

गोंधळ यामुळे होतो की व्हायरसच्या पीसीआरला नेमकं उलट, ते थंडच हवं. पेशींना थंडीत जरा जास्त वेळ मिळतो. म्हणजे एकाच पाण्याच्या तीन भागांना तीन वेगळ्या वागणुकी, आणि आपण एकच बल्ब भरून पाठवतो. फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटवलं : पाठीतलं पाणी इथे ठेवू नका, लॅबच्या नंबरवर फोन करा, रात्री 3 वाजतासुद्धा.

16 जून
किट बनवली. झिप पाउचमध्ये तीन मुख्य बल्ब. 1 नंबर फ्लोराइडचा शुगर बल्ब आणि प्रोटीनसाठी एक छोटा प्लेन. 2 नंबर स्टराइल स्क्रू कॅपचा, कल्चर आणि ग्रॅमला. 3 नंबर प्लास्टिकचा, पेशी मोजायला. काचेचा मुद्दाम टाळला, काचेला काही पेशी चिकटून बसतात. एक फॉर्म, एक पेन. पेन महत्त्वाचं, वेळ लिहायची राहते ती पेन नसतं म्हणून.

18 जून
माझी चूक झाली, आणि मोठी. घाईत स्टिकर लावताना दोन पाउचमध्ये 1 आणि 2 ची अदलाबदल केली. रात्रीच्या रेसिडेंट डॉक्टरांनी नंबर बघून बरोबर भरलं, म्हणजे कल्चरचं पाणी गेलं फ्लोराइडमध्ये. फ्लोराइड पेशींचं साखर खाणं थांबवतं तसं जंतूंचंही थांबवतं. सकाळी बघितलं तेव्हा पेशंटला अँटिबायोटिक सुरू होऊन सहा तास झालेले, आता परत घेऊन उपयोग नाही. ग्रॅम मिळालं आणि पेशी मिळाल्या म्हणून निभावलं, पण कोणतं औषध चालेल हे सांगणारा कागद त्या पेशंटला कधीच मिळणार नाही. डॉक्टरांना जाऊन सांगितलं की चूक माझी आहे.

बदल : नंबर काढून टाकले. आता बल्बवर शब्दच, "शुगर", "कल्चर", "पेशी". आणि पाउच एक जण भरतो, दुसरा बघून सही करतो.

20 जून
वेळेचा प्रयोग, पहिला प्रयत्न. मॅडमच्या परवानगीने, सगळ्या टेस्ट झाल्यावर उरलेलं पाणी. पहिलं रीडिंग, मग तासाने, मग दोन तासांनी. तासाने पेशी वाढल्या! अर्थात वाढल्या नाहीत, पेशी तळाशी बसलेल्या आणि मी न हलवता तळातून उचललं. सगळं वाया. मग चिडून व्होर्टेक्सवर (जोरात हलवणारं मशीन) धरला तर पेशींचे तुकडे. हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटंपालटं करायचं, बस.

25 जून
दुसरा प्रयत्न, एका मोठ्या माणसाचं गढूळ पाणी, भरपूर होतं. दोन भाग केले, एक टेबलावर, एक फ्रीजमध्ये (कल्चर आधीच लावून झालेलं). एलपीनंतर 25 मिनिटांनी न्यूट्रोफिल 610. टेबलावरचा : पुढच्या तासाने 430, दोन तासांनी 300. फ्रीजमधला : 540, मग 490. पुस्तकात दिलंय की रूम टेंपरेचरला तासाभरात न्यूट्रोफिल साधारण तिसरा हिस्सा जातात आणि दोन तासांत निम्मे, माझंही त्याच्या जवळपास आलं. परवाच्या एका लिम्फोसाइटवाल्या पाण्यात मात्र 118, 121, 112, म्हणजे हललंच नाही. एकेका सॅम्पलवरून कुणी टक्के काढू नयेत, पण मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

आणि इथेच दोन जूनचं कोडं सुटलं. न्यूट्रोफिल जातात आणि लिम्फोसाइट राहतात, म्हणून नुसता आकडा कमी होत नाही, चेहराच बदलतो. बॅक्टेरियल मेनिंजायटिसचं पाणी तीन तासांनी व्हायरलसारखं दिसायला लागतं. रक्तात न्यूट्रोफिलना सांभाळायला भरपूर प्रोटीन असतं, या पाण्यात नॉर्मलला डेसिलिटरमागे 15 ते 45 मिलिग्रॅम, त्यात त्या कितीशा तगणार.

28 जून
नाइटच्या मुलाने रिपोर्ट दिला, 300 पेशी. डॉक्टर हादरले, कारण पाणी स्वच्छ, पेशंट बोलतोय-चालतोय. मी सकाळी मोजलं, 7. त्याने चार कोपऱ्यांत मोजल्या 6 आणि रक्ताच्या सवयीने गुणिले 50 केलं. तो गुणाकार एकास वीस डायल्यूट केलेल्या रक्ताचा. सीएसएफ डायल्यूट न करता भरलं असेल तर न्यूबॉर चेंबरचे नऊही मोठे चौकोन मोजायचे, नऊ मिळून 0.9 मायक्रोलिटर होतात, म्हणून आलेला आकडा गुणिले 1.1, संपलं. त्याच्या आधीच्या महिन्यात कुणीतरी सीबीसीच्या (रक्तपेशी मोजायच्या) मशीनला लावलेलं, आमच्या मशीनला बॉडी फ्लुइडचा मोड नाही, ती इतक्या कमी पेशींत भलताच आकडा दाखवते. मोठ्या माणसात 5 पर्यंत नॉर्मल, तिथे मशीन 100 म्हणालं तर काय करणार.

चेंबरच्या डब्यात चिठ्ठी ठेवलीय : 9 चौकोन, गुणिले 1.1, डायल्यूट केलं असेल तर त्याने अजून गुणा.

6 जुलै, रविवार, आषाढी
स्टाफ निम्मा. मला वाटत होतं उशीर वॉर्डात होतो, आज लॅबचाच लागला. सॅम्पल 9 मिनिटांत आलं, मामा पळत आले आणि काउंटरवर ठेवून गेले. आत आम्ही दोघी, एक रक्तपेढीत अडकलेली, मी सीबीसीची बॅच संपवत होते. बल्ब उचलला तेव्हा 41 मिनिटं झालेली. महिनाभर मी वॉर्डाला सांगत फिरतेय आणि माझ्याच टेबलावर हे. उद्यापासून काउंटरवर बेल. सीएसएफ आलं की बेल, आणि ज्याच्या हातात जे असेल ते सोडून आधी चेंबर भरायचा. सीबीसी अर्धा तास थांबली तर कुणाचं काही बिघडत नाही.

क्रमही ठरवला. पाणी एकाच बल्बमध्ये आलं तर आधी कल्चरवाल्याने स्टराइल पद्धतीने आपला भाग काढायचा, मग पेशी, बायोकेमिस्ट्री शेवटी. आमच्याकडे बरोबर उलटं चालायचं कारण बायोकेमिस्ट्रीचं टेबल दाराजवळ आहे. टेबलं हलवली नाहीत, बल्ब कुठल्या टेबलावर ठेवायचा ते बदललं.

15 जुलै
सुई लागून रक्त आलेलं पाणी. किटमुळे तीन बल्ब वेगळे होते म्हणून कळलं, पहिला लाल, तिसरा जवळजवळ स्वच्छ. मेंदूतलाच रक्तस्राव असता तर तिन्ही सारखे लाल आले असते. लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, वरचं पाणी स्वच्छ, पिवळेपणा नाही (आधीचं रक्त असतं तर पिवळं दिसतं). हेसुद्धा वेळेवरच अवलंबून, कारण बल्बमध्ये पडून राहिलेल्या लाल पेशी तिथेच फुटतात आणि वरचं पाणी रंगतं, मग ते आधीचं की नंतरचं हे सांगता येत नाही. डॉक्टरांना फोनवर एवढंच सांगितलं, त्यांनी पुढचं ठरवलं.

23 जुलै
टीबी. इथे घाईपेक्षा प्रमाण आडवं येतं. सीबीनॅटला (टीबीचे जंतू शोधणारी मशीनची टेस्ट) अर्धा मिलि पाठवतात आणि निगेटिव्ह आलं की टीबी नाही असं धरतात. या पाण्यात टीबीचे जंतू मुळातच मोजके, जितकं जास्त पाणी फिरवून गाळ घ्याल तितकी सापडायची शक्यता. मोठ्या माणसाचं 6 मिलि तरी द्या म्हणून रेसिडेंट डॉक्टरांना विनंती केली. एक जण म्हणाले, नातेवाईक घाबरतात, एवढं काढलं तर कंबर जाईल म्हणतात. ही भीती आमच्याकडे घराघरात आहे. मी स्वतः त्या बाईंच्या सुनेशी बोलले, सांगितलं की शरीर दिवसाला जवळपास अर्धा लिटर नवीन बनवतं, आपण दीड चमचा घेतोय. हो म्हणाल्या. 7 मिलि मिळालं.

या एकाच सॅम्पलचा उरलेला भाग मी मुद्दाम रात्रभर न हलवता उभा ठेवला. सकाळी उजेडासमोर धरला तर मध्ये बारीक जाळं, वरून खाली लोंबणारं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. अकरा वर्षांत दुसऱ्यांदा बघितलं. सीबीनॅटचा पॉझिटिव्ह त्याच्या आधीच आला होता.

31 जुलै
दोन मुलं, ताप आणि बेशुद्धी, एन्सेफलायटिसचा (मेंदूला सूज) संशय. आमच्या भागात पावसाळ्यात जपानी मेंदूज्वराची धास्ती असते, आणि चांदीपुरा व्हायरस तर 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावच्या पेशंटमध्येच पहिल्यांदा सापडला, तेव्हा नमुना पुण्याला एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्था) जाईपर्यंत गार राहणं ही आमची जबाबदारी. व्हॅक्सिन कॅरियर मागवला, चार आइस पॅक. पहिल्या वेळी पॅक फ्रीझरमधून निघालेले नव्हतेच, कुणीतरी जागा करायला काढून ठेवलेले, पाण्यासारखे मऊ. दोन तास गेले. आता लॅबच्या फ्रीझरमध्ये आठ पॅक आणि त्यावर आमचं कुलूप. कल्चरचा भाग या डब्यात टाकायचा नाही हे पॅक करणाऱ्याला दोनदा सांगितलं.

12 ऑगस्ट
खर्च, कुणाला करायचं असेल तर. पाउच आणि छापील स्टिकर 420. स्टराइल बल्बचं पाकीट 860. नवीन न्यूबॉर चेंबर, जुन्याच्या रेघा घासलेल्या होत्या, 1450. बेल 180. मार्कर, लॅमिनेशन 150. एकूण 3060 रुपये. माझे स्वतःचे सुट्टीचे तीन दिवस. पैशाचं फार नाही, मनं वळवायलाच दोन महिने गेले.

जुलैत 17 सीएसएफ. सगळ्यांवर सुई लागल्याची वेळ आहे. 13 अर्ध्या तासाच्या आत चेंबरवर. दोन आषाढीच्या आठवड्यातली, आमच्या लॅबमुळे उशिरा. उरलेली दोन बाहेरची.

22 ऑगस्ट
बाहेरची म्हणजे तालुक्याहून येणारी, 50 किलोमीटर, मध्ये घाटरस्ता आणि पावसात नाल्याला पूर. त्यांचं पाणी अडीच-तीन तासांनीच येतं, बेल लावून काही होत नाही. रिपोर्टवर आता आम्ही ओळ टाकतो : एलपी ते मोजणी 2 तास 50 मिनिटं, न्यूट्रोफिल प्रत्यक्षात जास्त असू शकतात. मॅडमना आधी वाटत होतं की यामुळे लॅबवर विश्वास कमी होईल. पहिल्याच रिपोर्टनंतर तिकडच्या डॉक्टरांचा फोन आला की हे आधी का नाही लिहिलं.

त्यांच्याशी बोलणं झालंय. साखरेचा भाग तिथेच फ्लोराइडमध्ये. कल्चरचा भाग लहान मुलांच्या ब्लड कल्चर बॉटलमध्ये थेट, थोडं पाणी मात्र साध्या स्टराइल बल्बमध्ये ग्रॅमसाठी ठेवून, कारण बॉटलमधल्यावर ग्रॅम करता येत नाही. बॉटल फ्रीजमध्ये नाही. पेशी मात्र तिथेच मोजायला हव्यात. त्यांच्याकडे एक टेक्निशियन मुलगी आहे, नवीन, मलेरियाच्या स्लाइड उत्तम बघते, चेंबर कपाटात पडलेला आहे पण कव्हर स्लिप (चेंबरवर ठेवायची काच) साधी वापरतात. शनिवारी सकाळच्या सहाच्या एसटीने जातेय, जाड कव्हर स्लिप दोन आणि आमचा जुना चेंबर घेऊन. जास्तीची पाच पाउच आज भरून ठेवली, सह्या दोन्ही झाल्यात.